भयकथा वाचताना घड्याळ तुमच्या हातात, पाहताना आमच्या

विचारलेल्या प्रश्नात बरंच काही गुंतलं आहे. कादंबरी वाचताना अंगावर काटा आला, पण तिच्यावरचा चित्रपट पाहताना हसू आलं, असं का? काही वेळा नेमकं उलटं का होतं, म्हणजे चित्रपटाने झोप उडवली आणि पुस्तक मात्र मिळमिळीत निघालं? आधी वाचावं की आधी पाहावं? आणि जाता जाता, भयपट आवडतात पण एकट्याने पाहवत नाहीत, यावर काही उपाय आहे का?

मी संकलक आहे. थरारपट, भयपट आणि कथांवर बेतलेल्या मालिका कापणं-जोडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे उत्तर संकलनाच्या टेबलावरून देतो, समीक्षकाच्या खुर्चीतून नाही. ‘पुस्तकात कल्पनाशक्तीला वाव असतो म्हणून पुस्तक जास्त घाबरवतं’ हे नेहमी दिलं जाणारं उत्तर मला अपुरं वाटतं. कल्पनेला वाव चित्रपटातही ठेवता येतो आणि चांगले दिग्दर्शक तो ठेवतात. उलट पुस्तकं पुष्कळदा सगळं उघड सांगून मोकळी होतात. याचं एक नमुनेदार उदाहरण पुढे देतोच. माझ्या मते खरा फरक वेळेचा आहे. एखाद्या क्षणी किती वेळ थांबायचं हे कोण ठरवतं, यावर भीतीची जात ठरते.

पुस्तक वाचताना ते तुम्ही ठरवता. भीती वाटली की तीच ओळ पुन्हा वाचता, पान उलटायच्या आधी थबकता, फारच झालं तर पुस्तक पालथं घालून पाणी प्यायला उठता. गंमत म्हणजे हे सगळं लेखकाच्या पथ्यावरच पडतं. ज्या ओळीवर तुम्ही उठलात ती ओळ तुमच्याबरोबर स्वयंपाकघरापर्यंत येते, आणि पुढे काय असेल याचे आराखडे तुम्ही स्वतःच बांधू लागता. कादंबरी तीन-चार रात्री चालते. मधल्या दिवसांतही ती डोक्यात मुरत असते.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात आणि त्या कुणासाठी थांबत नाहीत. बंद दाराचा शॉट चार सेकंद ठेवायचा की सात, हे मी आणि दिग्दर्शक ठरवतो. चार सेकंदांनी प्रेक्षक ‘आता काहीतरी होणार’ म्हणून आक्रसतो, सहाव्याला ‘नाही झालं’ म्हणून सैल पडतो आणि सातव्याला आम्ही त्याला गाठतो. त्याला घाई करता येत नाही की रेंगाळता येत नाही. त्याच्याकडे एकच बचाव असतो, डोळे मिटणं, आणि तोही चुकीचा बचाव आहे. ते शेवटी सांगतो.

दचकवण्याचा प्रकार आधी निकालात काढू, कारण तिथे तुलनाच होऊ शकत नाही. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान खांद्यांत जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि ती विचार सुरू होण्याआधीच घडून जाते. त्यामुळे भुतांवर काडीचाही विश्वास नसलेला माणूससुद्धा खुर्चीतून उडतो. १९४२च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्रीच्या रस्त्याने चालली आहे, मागे कुणीतरी आहे असं तिला वाटतं, शांतता ताणत जाते, आणि श्वापदाच्या फूत्कारासारखा आवाज करत फ्रेममध्ये शिरते ती एक बस. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून या युक्तीला आजही आमच्या धंद्यात ‘ल्यूटन बस’ म्हणतात. छापील शब्दाला हे जमत नाही. कुठल्याही पुस्तकाने कुणाला असं खुर्चीतून उडवलेलं नाही. पण दचकणं दहा सेकंदांत ओसरतं आणि त्यावर हसूही येतं. जो चित्रपट फक्त एवढ्याच भांडवलावर उभा असतो तो दुसऱ्यांदा पाहवत नाही.

आता पुस्तकाची ताकद कुठे असते ते बघा. स्टीफन किंगच्या ‘पेट सेमेटरी’ (१९८३) या कादंबरीत बाप आणि त्याचा लहानगा मुलगा पतंग उडवतात असा प्रसंग आहे. ऊन आहे, वारा आहे, मूल खिदळतंय. आणि त्या सुखाच्या ऐन मध्यात निवेदक सहज सांगून टाकतो की या मुलाचे आता दोन महिनेसुद्धा उरलेले नाहीत. संपलं. भूत नाही, रक्त नाही, धक्काही नाही, उलट धक्का मुद्दाम वाया घालवला आहे. पण तिथून पुढचं प्रत्येक पान जड होतं. पोरगं जेवलं, झोपलं, बापाच्या मांडीवर बसलं, की वाचक मनात दिवस मोजतो. निवेदकाला पुढचं ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक झालं आहे, फक्त बापाला नाही. १९८९च्या चित्रपटाची पटकथा खुद्द किंगनेच लिहिली, तरी तिथे पतंग आणि मुलाचा जीव घेणारा अपघात एकाच प्रसंगात आले. अपघात पाहताना पोटात गोळा येतो हे खरं, पण ते दिवस मोजणं गेलं. निवेदकाचं ते एक वाक्य पडद्यावर आणायचं तर कुणाचा तरी आवाज वरून ऐकवावा लागेल, आणि तो आवाज कुणाचा हा प्रश्न लगेच उभा राहील. पुस्तकात तो प्रश्न पडतच नाही.

मग चित्रपटाला पुढे काय होणार हे आधी दाखवता येत नाही का? येतं, पण त्याची पद्धत निराळी. निकोलस रोगचा ‘डोन्ट लुक नाऊ’ (१९७३) हा संकलकांचा लाडका चित्रपट आहे. ग्रॅम क्लिफर्ड त्याचे संकलक. डॅफ्ने ड्यू मॉरिएच्या कथेत मुलगी मेंदूज्वराने आधीच गेलेली असते आणि कथा सुरू होते ती तिचे आईवडील इटलीत सहलीवर असताना. चित्रपटाने मृत्यू डोळ्यांसमोर आणला: लाल रेनकोट घातलेली मुलगी तळ्याकाठी खेळते आहे, घरात बाप एका चर्चची स्लाइड बघतो आहे, त्या स्लाइडमध्येही लाल कपड्यातली एक पाठमोरी आकृती आहे. तिच्यावर पाणी सांडतं आणि तो लाल रंग स्लाइडवर पसरत जातो. बाहेर काय घडतंय हे बापाला कळायच्या आत आपल्याला कळलेलं असतं, तेही एका शब्दाविना, नुसत्या एकाला एक लागून आलेल्या चित्रांमुळे. पुढे व्हेनिसच्या गल्ल्यांत कुठेही लाल ठिपका दिसला की छाती धडधडते. कथेत हे नाही. कथा चांगलीच आहे, पण तिची भीती वेगळ्या गोष्टीतून येते, एका सुशिक्षित माणसाच्या हट्टी शहाणपणातून. दोन्ही वाचण्या-पाहण्यासारखी आहेत, आणि एकाची सर दुसऱ्याला का नाही हा वाद इथे निरर्थक ठरतो.

म्हणून मी रूपांतराकडे बघताना ‘पुस्तकातलं किती घेतलं’ हे मोजत नाही. पुस्तकातली जी भीती वाचकाच्या वेळेवर चालत होती, तिच्या जागी पडद्याच्या वेळेवर चालणारी कोणती भीती आणली, हे बघतो.

‘सायको’ हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, तरी थोडं तपशिलात जातो, कारण पुस्तक फार कुणी वाचलेलं नसतं. रॉबर्ट ब्लॉकची कादंबरी १९५९ची, हिचकॉकचा चित्रपट लगेच १९६०चा. कादंबरीतला मोटेलवाला खुनी नॉर्मन चाळिशीचा, जाडा, चश्मा लावणारा, कुणालाही किळस यावी असा. पडद्यावर अँथनी पर्किन्स आला: सडपातळ, लाजरा, पोरगेला. शॉवरमधला खून कादंबरीत दोन-चार ओळींत आटोपतो. सुरी येते, किंकाळी तुटते आणि तिच्याबरोबर मुंडकंही. वाचकाला काय झालं ते कळेपर्यंत प्रकरण संपलेलं असतं, आणि लेखकाला तेच हवं आहे. हिचकॉकने त्याच दोन-चार ओळींसाठी सात दिवस चित्रीकरण केलं आणि जॉर्ज टोमासिनीने त्याचे तुकडे करून पाऊण मिनिटाचा प्रसंग बांधला. सुरी अंगात शिरताना जवळपास दिसतच नाही. दिसतात ते हात, पडदा, पाणी, तोंड, मोरीची जाळी. डोळा एका चित्रावर स्थिरावायच्या आत दुसरं येतं, म्हणून आपण न पाहिलेलं पाहिल्यासारखं आठवतो. इतक्या वेगाने वाचणं कुणालाच शक्य नाही. त्यावर बर्नार्ड हरमनच्या तंतुवाद्यांच्या किंचाळ्या आहेत. हिचकॉकला त्या प्रसंगाला संगीत नकोच होतं. हरमनने तरीही ते लिहिलं, ऐकवलं आणि हिचकॉकने मत बदललं.

याच गोष्टीत उलटा हिशेबही आहे. नॉर्मनची आई खरं तर केव्हाच मेलेली असते, पण पुस्तकात तिचे संवाद अवतरणचिन्हांत सरळ छापलेले आहेत. वाचक ते खरे मानतो, चेहरा दाखवा असं कुणी लेखकाला म्हणत नाही. कागदावर लपवाछपवी फुकट असते. पडद्यावर तीच आई लपवताना दिग्दर्शकाची दमछाक होते. नॉर्मन तिला उचलून जिन्याने खाली नेतो तेव्हा कॅमेरा पार छताला नेऊन ठेवावा लागतो, आणि तो तिथे का गेला हे प्रेक्षकाला जाणवू नये म्हणून वर जाण्याची चाल दोघांच्या बोलण्यात बेमालूम मिसळावी लागते.

‘द शायनिंग’वर तर वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. किंगची कादंबरी १९७७ची, क्युब्रिकचा चित्रपट १९८०चा, आणि किंगला तो आवडला नाही हे त्याने अनेकदा बोलून दाखवलं आहे. त्याची तक्रार रास्त आहे. कादंबरीतला जॅक, एका बंद हॉटेलची राखण करायला आलेला, हा पोरावर जीव असलेला, दारू सोडायची धडपड करणारा माणूस आहे आणि तो इंचाइंचाने घसरत जातो. ही घसरण शेकडो पानांवर पसरलेली आहे. पडद्यावर त्याची भूमिका करणारा जॅक निकल्सन पहिल्याच मुलाखतीच्या प्रसंगात थोडा हललेला वाटतो. घसरायला वाव कुठे उरला? पण क्युब्रिकने बदल्यात काय दिलं तेही बघा. पोरगा तीनचाकी सायकल दामटत हॉटेलच्या रिकाम्या कॉरिडॉरमधून जातो आणि कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे मागे. चाकं लाकडी जमिनीवर आली की घरघर, गालिच्यावर गेली की एकदम गप्प. घरघर, गप्प, घरघर, गप्प. काहीही घडत नाही. पण प्रत्येक वळणाला श्वास अडकतो, कारण वळायचं की नाही हे तुमच्या हातात नाही. मी नव्या सहायकांना हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवतो आणि मग आवाजासकट. वेगळं काही समजावावं लागत नाही.

कादंबरीत बागेतली झुडपं प्राण्यांच्या आकारात छाटलेली आहेत आणि तुमची पाठ वळली की ती जागा बदलतात. वाचताना हे भयानक वाटतं, कारण वाक्य एका वेळी एकच गोष्ट दाखवतं. सिंहाबद्दल वाचत असताना कुत्र्याचं काय चाललंय ते तुम्हाला कळत नाही. पडद्यावर सगळी बाग एकाच फ्रेममध्ये दिसते आणि जादू संपते. क्युब्रिकने झुडपांऐवजी चक्रव्यूह घेतला, ज्यात पुढच्या वळणापलीकडचं काही दिसतच नाही. १९९७मध्ये किंगने स्वतः पटकथा लिहून टीव्हीसाठी मालिका केली. तिच्यात झुडपं परत आली, संगणकावर बनवून, आणि पाहणारे हसले. तुमचा ‘हसू का आलं’ हा प्रश्न इथे सुटतो. पुस्तकातली गोष्ट जशीच्या तशी उचलली, पण ती ज्या अडचणीवर उभी होती ती अडचणच पडद्यावर नाही.

शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) या बाबतीत सोयीची आहे, कारण एकाच पुस्तकाचे दोन टोकाचे चित्रपट मिळतात. रॉबर्ट वाइजच्या १९६३च्या चित्रपटात भूत दिसत नाही. भिंतीपलीकडून धडाका येतो, दार फुगल्यासारखं आत वाकतं, बायका एकमेकींना बिलगून बसतात, बस. १९९९च्या चित्रपटात कोरीव पुतळे जिवंत होतात, पलंग माणसाला पकडतो, भूत छतापर्यंत उभं राहतं. पैसा दिसतो, भीती नाही. पुस्तकातला सर्वांत गाजलेला क्षण म्हणजे काळोखात नायिका एलिनॉर शेजारणीचा हात घट्ट धरून पडली आहे, दिवा लागतो, तर शेजारीण खोलीच्या पलीकडे आहे. मग धरला होता तो हात कुणाचा? वाइजने हा क्षण एलिनॉरच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर तोलून धरला. माझ्या पाहण्यात पुस्तक आणि पडदा एकाच क्षणी एकाच तऱ्हेने जिंकल्याची फार थोडी उदाहरणं आहेत, त्यात हे पहिलं.

आधी म्हटलं होतं ते, पुस्तक सगळं सांगून मोकळं होण्याचं उदाहरण: आयरा लेविनच्या ‘रोझमेरीज बेबी’ (१९६७) या कादंबरीच्या शेवटी पाळण्यातल्या सैतानाच्या बाळाचं वर्णन आहे, डोळ्यांच्या रंगापासून शेपटीपर्यंत. १९६८च्या चित्रपटात पाळण्यात कॅमेरा डोकावतच नाही. दिसतो तो मुख्यतः आईचा चेहरा. तरी ‘ते बाळ मी पाहिलंय’ असं छातीठोक सांगणारे लोक भेटतात. तेव्हा कल्पनेचा मक्ता पुस्तकाकडे आहे, हे पुन्हा कुणी म्हणू नये.

‘रिंगू’चीही तीच कथा. कोजी सुझुकीची १९९१ची कादंबरी म्हणजे एका पत्रकाराचा शोधप्रवास आहे: शापित व्हिडिओ टेप, सात दिवसांची मुदत, पुरावे, तर्क. वाचताना ती रहस्यकथेसारखी चालते. हिदेओ नाकाताच्या १९९८च्या चित्रपटात पत्रकार पुरुषाची बाई झाली, आणि सगळ्यांना आठवतो तो प्रसंग, टेपमागचं भूत सादाको टीव्हीच्या काचेतून बाहेर सरपटत येते तो, कादंबरीत नाहीच. तिची ती अडखळती, सांधे निखळल्यासारखी चाल कशी केली? अभिनेत्रीला उलटं चालायला लावलं आणि चित्रण उलटं फिरवून दाखवलं. वेळच उलटा लावला, म्हणा ना. डोळ्याला काहीतरी चुकतंय हे कळतं, काय ते सांगता येत नाही.

(दिवसाउजेडात ड्रॅक्युला मरतो, ही समजूतही पडद्याची देणगी. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला काउंट दिवसा खुशाल हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती मर्यादित असतात. उन्हाने त्याला मारलं ते १९२२च्या ‘नोस्फेरातू’ने, आणि तो चित्रपट परवानगी न घेता काढल्याबद्दल स्टोकरच्या पत्नीने खटला भरून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला होता. तरी काही प्रती वाचल्या आणि ऊन सगळ्या पिशाच्चांच्या मागे लागलं.)

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठे झालेले वाचक मला नेहमी विचारतात की या कथा पडद्यावर तशाच्या तशा का येत नाहीत. मतकरींच्या अनेक गूढकथांमध्ये शेवटच्या परिच्छेदात सगळी गोष्ट उलटते. वाचक तिथे थांबतो आणि मागची पानं मनात पुन्हा चाळतो. चाळायला त्याच्याकडे हवा तेवढा वेळ असतो. पडद्यावर शेवट उलटला की पाठोपाठ श्रेयनामावली सुरू होते. मग निर्मात्याला धास्ती वाटते की लोकांना कळलंच नाही तर? आणि फर्मान सुटतं, मागचे सहा-सात शॉट भराभर दाखवा. अशी उजळणी मी करून दिलेली आहे आणि दर वेळी हात आखडतच केली आहे. वाचक जे स्वतः करत होता ते आम्ही त्याच्यासाठी करून टाकतो, आणि भीतीच्या जागी ‘अच्छा, असं होय’ उरतं. धारपांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे वातावरण पायरीपायरीने चढत जातं, साधी माणसं, साधं घर, आणि नकळत तपमान उतरतं. ते पडद्याला जमण्यासारखं आहे, फक्त घाई नको. ‘तुंबाड’ने (२०१८) ते धैर्य दाखवलं. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून उचललेलं असलं तरी गोष्ट तिची नाही. सतत कोसळणारा पाऊस, ओल, अंधारातले कंदील, आणि राक्षस समोर येईपर्यंत माणसाच्या हावेचीच धास्ती बसलेली.

‘द एक्झॉर्सिस्ट’बद्दल एवढंच सांगतो की इथे कादंबरी (१९७१) आणि पटकथा एकाच माणसाची, विल्यम पीटर ब्लॅटीची, आणि त्या पटकथेला ऑस्करही मिळालं. दुसरं ऑस्कर मिळालं ते ध्वनीला, हे लक्षात ठेवा. कादंबरीत शंका जास्त आहे: मुलीला झालाय तो आजार की बाधा, यावर पाद्री करास पुष्कळ पानं झगडतो. चित्रपट त्या शंकेला लवकर निरोप देतो. मान फिरते, खोलीत थंडीने श्वास दिसतो (ती खोली खरोखरच गोठवली होती). पण थिएटरात लोकांना सगळ्यात असह्य झालेल्या प्रसंगांत एक आहे तो इस्पितळातला, मुलीच्या मानेत सुई घालून केलेल्या तपासणीचा. तिथे सैतानाचा मागमूस नाही. ब्लॅटीने पुढे स्वतःच्या ‘लीजन’ या कादंबरीवरून ‘द एक्झॉर्सिस्ट ३’ (१९९०) दिग्दर्शित केला. त्यातला इस्पितळाच्या कॉरिडॉरचा प्रसंग जरूर पाहा. कॅमेरा एका टोकाला ढिम्म उभा, लांबवर परिचारिका ये-जा करते आहे, आणि आपण कंटाळायला लागतो. पुढचं सांगत नाही. एका लेखकाने पडद्याची नस इतकी अचूक पकडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

आता आधी काय? सरसकट नियम नाही, तरी माझा कल सांगतो. ज्या गोष्टीची भीती माणसाच्या मनात शिरून चालते, ती आधी वाचा: ‘द शायनिंग’, ‘हिल हाउस’, ‘पेट सेमेटरी’. आधी चित्रपट पाहिलात तर निकल्सनचा चेहरा कादंबरीभर पाठ सोडणार नाही, आणि तो त्या कादंबरीतला माणूस नव्हे. जिथे चित्रपटाने स्वतःची वेगळी भीती निर्माण केली आहे तिथे आधी पाहा: ‘सायको’, ‘रिंगू’, ‘डोन्ट लुक नाऊ’. नंतर पुस्तक वाचताना त्यात काय बदललं हे बघण्याची मजा उरते आणि निराशा होत नाही. दोन्हींमध्ये थोडे महिने जाऊ द्या. कालच वाचून आज पाहायला बसलेला माणूस चित्रपट पाहत नाही, हजेरी घेतो: हे आहे, ते नाही, तो असा नव्हता.

ऑडिओबुकचं कुणी विचारलं नाही, पण विचाराल. तिथे वेळ वाचून दाखवणाऱ्याच्या हातात आणि चित्रं तुमच्या डोक्यात, म्हणजे दोन्हीकडचं सगळ्यात वाईट एकत्र. झोपताना लावू नका.

राहिला एकट्याने पाहण्याचा प्रश्न. पहिलं म्हणजे, भीती वाटली की डोळे मिटू नका, कान झाका. डोळे मिटले तर आवाज तेवढाच राहतो आणि चित्र तुम्ही पुरवता, ते आमच्यापेक्षा नेहमीच भयंकर असतं. आवाज गेला की समोर मेकअप केलेला एक माणूस उरतो. पुन्हा धीर आला की हात काढा. दुसरं, पार्श्वसंगीत एकाएकी गायब झालं आणि साधे आवाजसुद्धा कमी झाले, तर सावध व्हा. दचकवण्याआधी आम्हाला शांतता लागतेच, नाहीतर आवाजाचा फटका बसत नाही. फ्रेममध्ये माणूस एका कडेला आणि दुसरी बाजू विनाकारण रिकामी दिसली तर तिकडे नजर ठेवा. आणि पहिला धक्का मांजराचा किंवा मित्राचा निघाला तर हुश्श करू नका, खरा त्याच्या मागून येतोय.

जवळच्या खोलीत कुणी असताना, दिवसा, पडदे ओढून पाहायला सुरुवात करा. मोबाइलवर पाहू नका. तिथे भीती कमी वाटते हे खरं, पण चित्रपटही कमीच दिसतो, अंधारातले तपशील तर नाहीतच. टीव्हीवर चित्र जास्त गुळगुळीत करणारी सेटिंग असते, ती बंद ठेवा, नाहीतर चांगला भयपटही मालिकेसारखा दिसतो. खोलीतला दिवा पडद्यावर चमकत असेल तर काळ्या भागात स्वतःचंच प्रतिबिंब दिसत राहतं, तेव्हा दिवा हवाच असेल तर तो टीव्हीच्या मागे ठेवा. भाषा कळत असेल तर सबटायटल्स बंद करा. ‘दार करकरतं’ असं खाली उमटलं की दार करकरायच्या आधीच तुमचा अर्धा प्रसंग गेला, शिवाय डोळा सतत तळाशी खेचला जातो. अर्थात फारच घाबरत असाल तर नेमकं याच कारणासाठी सबटायटल्स चालू ठेवा.

आधी कथानक वाचून बसलात तरी हरकत नाही. धक्के थोडे बोथट होतील, पण ‘द शायनिंग’सारख्या चित्रपटाचं काही बिघडत नाही, तो पुढे काय होणार यावर उभाच नाही. लहान मुलांना मात्र ‘खोटं आहे रे’ म्हणून शेजारी बसवू नका. दचकणं ती विसरतात, पण एखादं चित्र महिनोनमहिने डोक्यातून जात नाही. त्यांना भुताच्या गोष्टीच हव्या असतील तर पुस्तकं द्या. नको झालं की ती आपणहून मिटवतात.